जुना संगणक आणि आवाजाचा ड्रायव्हर

घरच्या जुन्या संगणकातून आवाज येईनासा झाला की निदान ठरलेले असते: 'साउंडचा ड्रायव्हर उडाला.' त्यावरचा उपायही ठरलेला: फॉरमॅट. प्रत्यक्षात अशा बऱ्याच तक्रारींत ड्रायव्हर जागच्या जागी असतो आणि बिघाड दुसरीकडेच निघतो. ड्रायव्हरच नादुरुस्त असला तरी सगळी विंडोज नव्याने टाकण्याची वेळ क्वचितच येते. उलट फॉरमॅटनंतरच आवाज गेल्याची उदाहरणे भरपूर सापडतात, कारण मदरबोर्डबरोबर आलेली सीडी तोवर घरातून नाहीशी झालेली असते.

संगणकाच्या एखाद्या भागाकडून काम कसे करून घ्यायचे, त्याला कोणत्या आज्ञा कोणत्या क्रमाने द्यायच्या, हे ज्या प्रोग्रॅमला ठाऊक असते तो ड्रायव्हर. आवाजाच्या वाटेवर त्याच्या अलीकडे आणि पलीकडे बरेच काही असते. गाणे वाजवणारा प्रोग्रॅम एमपीथ्री फाइल उलगडून तिचे आकडे तयार करतो. ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळ्या प्रोग्रॅमांकडून आलेले असे आकडे एकत्र मिसळते आणि ड्रायव्हरमार्फत चिपसेटमधल्या ऑडिओ कंट्रोलरकडे देते. कंट्रोलर ते कोडेक नावाच्या चिपकडे पोचवतो. कोडेक म्हणजे मदरबोर्डवर मागच्या जॅकांजवळ बसवलेली, बोटाच्या नखाएवढी काळी चिप. आकड्यांचे कमीजास्त होणाऱ्या विद्युतदाबात रूपांतर ती करते आणि पुढे जॅक, वायर व स्पीकर. यात कुठेही खंड पडला तरी कानाला कळते ते एवढेच की आवाज नाही. म्हणून ड्रायव्हरला हात लावण्याआधी खंड कुठे पडला आहे ते शोधावे लागते.

आधीच्या काळी हे शोधणे आणखी किचकट होते. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर कार्ड आणले. त्या पिढीच्या कार्डांना इंटरप्टचा क्रमांक, पोर्टचा पत्ता आणि डीएमए वाहिनी हे सारे जुळवून द्यावे लागे. इंटरप्ट ५, पोर्ट २२०, डीएमए १ ही जोडणी डॉसवर गेम खेळणाऱ्यांच्या तोंडपाठ असे. प्रिंटरच्या पोर्टने किंवा दुसऱ्या कार्डाने त्यातले काही आधीच व्यापले असले की आवाज गप्प. पुढे १९९७ मध्ये इंटेलने एसी ९७ हे मानक आणले. त्यात अंकांचे काम चिपसेटमधल्या कंट्रोलरकडे आणि ध्वनीचे काम स्वतंत्र, स्वस्त कोडेककडे अशी वाटणी झाली. त्यामुळे साउंड कार्ड वेगळे विकत घेण्याची गरज उरली नाही, ऑडिओ मदरबोर्डवरच येऊ लागला. २००४ मध्ये त्याची जागा हाय डेफिनिशन ऑडिओ, म्हणजे एचडी ऑडिओ, या मानकाने घेतली. आज वापरात असलेले घरगुती जुने डेस्कटॉप बहुतेक याच पिढीतले आहेत. इंटेल ९४५ किंवा जी ३१ चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर रिअलटेकचा कोडेक आणि मूळची विंडोज एक्सपी, हे त्यातले अगदी नेहमीचे रूप. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या 'असेंबल्ड' संगणकांत असे बोर्ड सर्रास असत. पुढची चर्चा मुख्यतः अशा यंत्राला धरून आहे.

तपास वाटेच्या शेवटच्या टोकापासून सुरू करणे सोयीचे. स्पीकरची पिन काढून मोबाइलला किंवा रेडिओला लावली की स्पीकर आणि वायर यांचा निकाल मिनिटभरात लागतो. मोबाइलला हेडफोनचा जॅक नसेल तर उलट करावे: चांगला हेडफोन संगणकाच्या मागच्या जॅकला लावून पाहावा. मागे तीन जॅक असतील तर हिरवा स्पीकरचा, गुलाबी माइकचा आणि फिकट निळा बाहेरून आवाज आत घेण्याचा. धूळ झटकताना किंवा टेबल हलवताना निघालेली पिन चुकून निळ्यात बसली तर नुसता ड्रायव्हर बदलून सहसा काही उपयोग होत नाही. संगणक चालू होताना येणारा 'पीं' आवाज मात्र पुरावा म्हणून धरू नये. तो मदरबोर्डच्या वेगळ्या छोट्या स्पीकरातून येतो, ऑडिओ कोडेकशी त्याचा संबंध नसतो.

यानंतर विंडोजमधला आवाजाचा मिक्सर. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतो. त्यामुळे मुख्य पट्टी पूर्ण वर असूनही एकटा ब्राउझर म्यूट असू शकतो. गाणी वाजतात पण व्हिडिओ मुका, अशी तक्रार असेल तर दोष तिथेच शोधावा. आणखी एक कळ फारशी कोणाला माहीत नसते. विंडोज ७ पासून साउंडच्या खिडकीत 'कम्युनिकेशन्स' नावाचे पान आहे. संगणकावरून कॉल चालू असताना बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणण्याचा पर्याय तिथे आपोआप निवडलेला असतो. ऑनलाइन वर्ग सुरू झाला की गाण्याचा आवाज बसतो, याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते.

त्याच खिडकीतल्या 'प्लेबॅक' पानावर आवाज कोठून बाहेर पडणार हे ठरते, आणि जुन्या संगणकाचा घोटाळा नेमका इथे होतो. जुन्या यंत्रात नवे ग्राफिक्स कार्ड बसवले किंवा एचडीएमआय वायरने टीव्ही जोडला की ग्राफिक्स कार्डाचे स्वतःचे ऑडिओ उपकरण यादीत दाखल होते. एचडीएमआय वायर चित्राबरोबर आवाजही नेते. कार्डाचा ड्रायव्हर टाकल्यावर विंडोज पुष्कळदा त्यालाच मुख्य साधन ठरवते. आवाज मॉनिटरकडे जातो, मॉनिटरला स्पीकर नसतो, आणि टेबलावरचे स्पीकर मुके राहतात. यादीतील 'स्पीकर्स'वर उजवी कळ दाबून त्यांना 'डीफॉल्ट' केले की काम भागते. यादीत ते दिसतच नसतील तर रिकाम्या जागी उजवी कळ दाबून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस' निवडावे. कोणीतरी कधीतरी बंद केलेले साधन मग फिकट रंगात दिसू लागते.

इथपर्यंत सगळे ठीक निघाले तर डिव्हाइस मॅनेजर उघडायचा. 'माय कॉम्प्युटर'वर उजवी कळ दाबून 'मॅनेज' निवडले की तो सापडतो. त्यात 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' हा गट आहे. एचडी ऑडिओच्या यंत्रात मात्र नुसता हा गट पाहून भागत नाही. कंट्रोलर आणि कोडेक हे दोन वेगळे भाग असल्याने त्यांच्या नोंदीही दोन ठिकाणी असतात: कंट्रोलर 'सिस्टिम डिव्हायसेस'मध्ये आणि कोडेक साउंडच्या गटात. कंट्रोलर चालू झाल्याशिवाय कोडेक विंडोजला दिसतच नाही. म्हणूनच साउंडचा गट रिकामा आणि सिस्टिमच्या गटात एचडी ऑडिओ कंट्रोलरवर पिवळे उद्गारचिन्ह असेल तर कोडेकचा ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी 'हार्डवेअर सापडले नाही' असाच निरोप येतो.

कंट्रोलरची नोंदच कुठे नसेल तर मामला विंडोजच्या खालचा, म्हणजे बायोसचा आहे. संगणक चालू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये शिरता येते. तेथे मदरबोर्डवरच्या उपकरणांच्या पानावर एचडी ऑडिओ, ऑनबोर्ड ऑडिओ किंवा 'अझालिया' असा पर्याय असतो. अझालिया हे एचडी ऑडिओचे विकासकाळातले सांकेतिक नाव, जुन्या बायोसांत ते तसेच राहून गेले आहे. तो पर्याय 'डिसेबल्ड' असेल तर 'एनेबल्ड' करावा. 'ऑटो'वर असेल आणि वेगळे साउंड कार्ड बसवलेले असेल तर बोर्डवरचा ऑडिओ आपोआप बंद होतो, हेही लक्षात घ्यावे. संगणकाचे घड्याळ दरवेळी मागे पडत असेल तर मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरी संपत आलेली असते. अशा वेळी बायोसमधली निवड पुन्हा मूळ पदावर जाते, आणि आज दुरुस्त केलेला आवाज वीज गेल्यावर पुन्हा जाऊ शकतो.

नोंद आहे पण तिच्यावर खूण आहे, अशा वेळी तिच्यावर दोनदा क्लिक करून येणारा कोड वाचावा. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होऊ शकले नाही. चुकीचा ड्रायव्हर हे त्याचे एक नेहमीचे कारण. ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब किंवा गायब. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल स्वाक्षरी पटली नाही. २२ हा सगळ्यांत सोपा: उपकरण कोणीतरी हाताने बंद केले आहे, 'एनेबल' केले की झाले. यातल्या २८, १० आणि ३९ या तीन कोडांना योग्य ड्रायव्हर शोधण्यावाचून गत्यंतर नाही. योग्य ड्रायव्हर शोधायचा तर उपकरणाची नेमकी ओळख हवी.

ही ओळख संगणक स्वतःच सांगतो. खूण असलेल्या उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिटेल्स' पानावर 'हार्डवेअर आयडीज' निवडले की इंग्रजी अक्षरांची व आकड्यांची लांबलचक ओळ दिसते. तिच्यातले फक्त दोन तुकडे कामाचे. 'व्हीईएन' या अक्षरांपुढची चार चिन्हे म्हणजे निर्माता आणि 'डीईव्ही'पुढची चार म्हणजे त्याचे मॉडेल. निर्मात्याच्या जागी ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, ११०६ असेल तर व्हीआयए, १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडीच्या ग्राफिक्स विभागातले उपकरण. रिअलटेकने तर काम फारच सोपे करून ठेवले आहे: १०ईसीपुढे मॉडेलच्या जागी ०६६२ असले तर चिप एएलसी ६६२, ०८८७ असले तर एएलसी ८८७. कॅबिनेट न उघडता, भिंग न लावता चिपचे नाव कळते. ओळीच्या सुरुवातीचा शब्दही बघावा. तिथे 'एचडीऑडिओ' असेल तर ती कोडेकची ओळ. 'पीसीआय' असेल आणि पुढे ८०८६ व २७डी८ असेल तर तो ९४५ किंवा जी ३१ बोर्डावरचा एचडी ऑडिओ कंट्रोलर. ८०८६ आणि २४डी५ असेल तर यंत्र त्याहून जुने, इंटेल ८६५ च्या काळातले एसी ९७ चे आहे. त्याला एचडी ऑडिओचा कोणताही ड्रायव्हर चालणार नाही.

विंडोज एक्सपीत आधी कंट्रोलर, मग कोडेक या दोन पायऱ्यांचा त्रास सर्वांत जास्त होतो. एक्सपी २००१ मधली आणि एचडी ऑडिओ २००४ चा, त्यामुळे मूळ एक्सपीला हा कंट्रोलर ओळखताच येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो नुसता 'पीसीआय डिव्हाइस' म्हणून पिवळी खूण घेऊन बसतो. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी 'यूएए बस ड्रायव्हर' स्वतंत्रपणे दिला, त्याच्या पॅकेजचा क्रमांक केबी ८८८१११. तो बसला की कंट्रोलर जागा होतो आणि 'हाय डेफिनिशन ऑडिओ बसवरील ऑडिओ उपकरण' अशी नवी नोंद उगवते. रिअलटेकचा ड्रायव्हर टाकायचा तो त्यानंतर. मदरबोर्डच्या सीडीतील सेटअप दोन्ही पायऱ्या एकामागोमाग करत असे, म्हणून सीडी हाताशी असलेल्यांना हा प्रकार कधी कळलाच नाही. व्हिस्टापासून पुढे बसचा ड्रायव्हर विंडोजमध्येच अंतर्भूत आहे.

ड्रायव्हर मिळवण्याची पहिली जागा म्हणजे मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीचे संकेतस्थळ. तयार ब्रँडेड संगणक असेल तर त्या कंपनीचे. बोर्डाचे मॉडेल बोर्डावरच, प्रोसेसर आणि रॅमच्या आसपास मोठ्या अक्षरांत छापलेले असते. जुन्या बोर्डांच्या बाबतीत मात्र ही वाट अर्ध्यावर संपू शकते. इंटेलने डेस्कटॉप मदरबोर्डच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचे २०१३ मध्ये जाहीर केले आणि जुन्या बोर्डांचे बायोस व ड्रायव्हर २०१९ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढूनही टाकले. अशा बोर्डांसाठी कोडेकच्या निर्मात्याकडे वळावे. रिअलटेकचे एचडी ऑडिओचे एकच पॅकेज तिच्या अनेक चिपना चालते, त्यामुळे बोर्ड कोणाचा याने फारसे बिघडत नाही. व्हीआयए किंवा अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचा साउंडमॅक्स कोडेक असेल तर शोध अवघड होतो आणि जुनी सीडी सोन्याच्या मोलाची ठरते.

'तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अद्ययावत करू' असे सांगणाऱ्या प्रोग्रॅमांपासून चार हात लांब राहणेच बरे. जाहिराती आणि नको असलेले प्रोग्रॅम सोबत आणणे हा त्यांचा एक उपद्रव. दुसरा अधिक खोडकर: जवळपास जुळणारा ड्रायव्हर ते बेधडक बसवतात, आणि आधी निदान निम्मे चालणारे उपकरण कोड १० दाखवू लागते. शिवाय जुन्या यंत्राला सर्वांत नवा ड्रायव्हर हवाच असे नाही. त्या बोर्डाच्या काळातला, आपल्या विंडोजसाठी असलेला आणि ३२ की ६४ बिट ते पाहून घेतलेला ड्रायव्हर अधिक भरवशाचा असतो. ६४ बिटच्या विंडोजमध्ये व्हिस्टापासून ड्रायव्हरवर ग्राह्य स्वाक्षरी असणे सक्तीचे आहे. विंडोज ७ ला तर एसएचए-२ प्रकारची स्वाक्षरी ओळखण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे वेगळे अपडेट लागते. ते नसेल तर नवा, अस्सल ड्रायव्हरही कोड ५२ देऊन नाकारला जातो, आणि माणूस ड्रायव्हरच बनावट असल्याच्या समजुतीत दुसरा शोधत बसतो.

बसवताना घाई नडते. आधी 'सिस्टिम रिस्टोअर'चा टप्पा करून ठेवावा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुन्या ऑडिओ नोंदीवर 'अनइन्स्टॉल' निवडताना 'ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढून टाका' या चौकोनात खूण करावी. ती न केल्यास पुढच्या वेळी विंडोज तीच बिघडलेली प्रत परत बसवते. यानंतर संगणक 'रीस्टार्ट' करावा, 'शट डाउन' नव्हे. विंडोज ८ पासून पटकन चालू होण्याच्या सोयीसाठी शट डाउन करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो, त्यामुळे ड्रायव्हर खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होत नाहीत. रीस्टार्टमध्ये होतात. विंडोज नुकतीच टाकली असेल तर आधी चिपसेटचा ड्रायव्हर आणि मग ऑडिओचा हा क्रम पाळावा. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर आवाज तपासावा, नाहीतर आवाज आला तरी कशाने आला ते कळत नाही आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

विंडोज ७ वरून १० वर गेलेल्या यंत्रांची कहाणी थोडी निराळी. तिथे योग्य ड्रायव्हर बसवूनही काही दिवसांनी आवाज पुन्हा जातो, कारण विंडोज अपडेट मधल्या काळात स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर बसवून मोकळे होते. 'ड्रायव्हर' पानावरचे 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण अशा वेळी आधी दाबावे. तेवढ्याने भागले नाही तर मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर वापरून पाहावा. 'अपडेट ड्रायव्हर'मध्ये जाऊन, संगणकातीलच यादीतून निवडण्याचा पर्याय घ्यावा आणि तिथे 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' निवडावे. एचडी ऑडिओच्या जवळजवळ कोणत्याही कोडेकला तो चालतो. रिअलटेकचे रंगीत नियंत्रण पॅनेल, 'बाथरूम' आणि 'सभागृह' असले घुमारे त्यात मिळत नाहीत, आवाज मिळतो. गाणी, चित्रपट, कॉल यांपलीकडे काही करायचे नसेल तर जुन्या यंत्रासाठी तोच उत्तम, असे म्हणण्यास हरकत नाही. ज्यांना पॅनेल हवेच आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे की रिअलटेकच्या नव्या धाटणीच्या ड्रायव्हरमध्ये पॅनेल वेगळे असते आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येते; ड्रायव्हर जुना आणि पॅनेल नवे अशी जोडी जमत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कुठेही खूण नाही, तरी टास्कबारवरच्या स्पीकरवर लाल फुली, अशी स्थिती असेल तर 'सर्व्हिसेस'मध्ये डोकवावे. 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन्ही सेवा चालू असायला हव्यात आणि त्यांचा प्रकार 'ऑटोमॅटिक' असायला हवा. संगणक वेगवान करण्याचा दावा करणारे प्रोग्रॅम कधी कधी त्या बंद करून ठेवतात. मायक्रोफोनचे गाऱ्हाणे असेल तर विंडोज १० मध्ये आणखी एक ठिकाण आहे: 'प्रायव्हसी'तील मायक्रोफोनची परवानगी. ती बंद असेल तर ड्रायव्हर ठणठणीत असूनही समोरच्याला काही ऐकू जात नाही.

कॅबिनेटच्या पुढच्या जॅकचा विषय थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे, कारण त्यात जुने आणि नवे एकमेकांत अडकतात. पुढचे जॅक मदरबोर्डवरच्या पिनांच्या एका छोट्या जोडणीला वायरने जोडलेले असतात. एसी ९७ च्या काळात मागचा आवाज या जोडणीतून पुढच्या जॅकपर्यंत जाऊन परत येई. हेडफोन खोचला की जॅकमधला स्विच ती परतीची वाट तोडत असे आणि मागचे स्पीकर बंद होत. पुढचे जॅक जोडलेलेच नसतील तर पाच-सहा आणि नऊ-दहा या पिनांवर जंपर ठेवावे लागत. ते कोणी काढून टाकले तर मागचा हिरवा जॅक कायमचा मुका. अशा बोर्डावर ड्रायव्हर बदलत बसण्यात काहीच अर्थ नसतो. दोन जंपर परत बसवले की आवाज येतो. एचडी ऑडिओत ही पद्धत गेली. पिन खोचली की कोडेकला संकेत मिळतो आणि कुठून आवाज सोडायचा हे ड्रायव्हर ठरवतो. आता जुने, एसी ९७ च्या वायरचे कॅबिनेट आणि नवा एचडी ऑडिओचा बोर्ड अशी जोडी जमवली असेल, आणि खर्च वाचवण्यासाठी ती हमखास जमवली जाते, तर पिन खोचल्याचा संकेत कोडेककडे पोचतच नाही. काही कॅबिनेटांच्या वायरला 'एसी ९७' आणि 'एचडी ऑडिओ' अशी दोन्ही टोके असतात. तसे असेल तर एचडी ऑडिओचे टोक बोर्डाला लावावे. नसेल तर बायोसमध्ये पुढच्या पॅनेलचा प्रकार 'एसी ९७' करावा किंवा रिअलटेकच्या पॅनेलमध्ये पुढच्या जॅकची ओळख बंद करणारा पर्याय निवडावा. मग दोन्हीकडचे जॅक एकाच वेळी वाजतात, एवढी तडजोड स्वीकारावी लागते.

आवाज येतो पण तुटक येतो, खरखरतो, हा वेगळा आजार. व्हिडिओ पाहताना किंवा फाइल उतरवताना खरखर वाढत असेल तर बहुधा दुसराच एखादा ड्रायव्हर, अनेकदा वाय-फायचा, प्रोसेसरला इतका वेळ अडवून ठेवतो की ऑडिओला वेळेवर आकडे मिळत नाहीत. वाय-फाय थोडा वेळ बंद करून पाहिले की संशय फिटतो. साउंडच्या गुणधर्मांत 'एन्हान्समेंट्स' सरसकट बंद करणे आणि नमुन्यांचा वेग ४८,००० किंवा ४४,१०० हर्ट्झवर आणणे हेही जुन्या प्रोसेसरला दिलासा देते. स्पीकरातून सतत बारीक 'हूं' ऐकू येत असेल, काही वाजत नसतानाही, तर तो अर्थिंगचा किंवा वायरचा दोष, ड्रायव्हरचा नव्हे. २००० च्या दशकातल्या पुष्कळ मदरबोर्डांवरचे कपॅसिटर सदोष निघाले होते. कॅबिनेट उघडल्यावर त्यांची डोकी फुगलेली किंवा गळलेली दिसली तर ऑडिओच काय, पूर्ण बोर्डच अखेरच्या वाटेवर आहे.

दोष ड्रायव्हरचा की चिपचा, याचा निर्णय लागत नसेल तर एक कसोटी आहे. पेनड्राइव्हवर हलके लिनक्स घेऊन संगणक त्यावरून, डिस्कवर काही न बसवता, चालू करावा. लिनक्सच्या गाभ्यात एचडी ऑडिओ आणि एसी ९७ या दोहोंचे ड्रायव्हर आधीपासून असतात. तिथे आवाज आला तर चिप, जॅक, वायर सगळे शाबूत आहे आणि दोष विंडोजचा आहे हे सिद्ध होते. नाही आला तर लगेच चिपवर दोष ठेवू नये. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर हा लिनक्समधला आवाजाचा मिक्सर उघडून पाहावा: पट्टीखाली 'एमएम' ही अक्षरे दिसत असतील तर ती वाहिनी म्यूट आहे, इंग्रजी एमची कळ दाबली की ती उघडते. त्यातच 'ऑटो-म्यूट' नावाचा पर्याय असतो. पुढच्या जॅकचा संकेत चुकीचा येत असेल तर तो मागचे स्पीकर गप्प करतो, म्हणून बंद करून पाहावा. एवढे करूनही शांतताच असेल तर कोडेक गेला आहे असे मानायला हरकत नाही.

चिप गेली असली, किंवा विंडोजच्या नव्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर कुठेच मिळत नसला, तरी संगणक टाकून देण्याचे कारण नाही. काहीशे रुपयांत मिळणारे यूएसबी साउंड कार्ड, अंगठ्याएवढे, एका टोकाला यूएसबीची पिन आणि दुसरीकडे हेडफोन व माइकचे दोन जॅक, अशा वेळी पुरेसे असते. यूएसबी ऑडिओचे मानक ठरलेले आहे आणि त्याचा ड्रायव्हर एक्सपीपासून पुढच्या प्रत्येक विंडोजमध्ये व लिनक्समध्ये आधीच असतो. सीडी नको, शोधाशोध नको. मदरबोर्डवरचा ऑडिओ बायोसमधून बंद करावा, कार्ड शक्यतो मागच्या यूएसबी पोर्टात लावावे आणि 'प्लेबॅक' पानावर त्याला डीफॉल्ट करावे. ज्या बोर्डाचे ड्रायव्हर त्याच्या निर्मात्यानेच काढून टाकले आहेत, त्यासाठी अनोळखी संकेतस्थळांवरून फाइली उतरवत बसण्यापेक्षा हा खर्च केव्हाही परवडतो.